गोळीबार चौक, एकतीस मीटर

हा सेट मुळात बोलायसाठी केलेला.
समोरच्यानं नाव सांगावं, आपण सांगावं,
सिग्नल किती, हवा कशी, बस,
मग सेव्हन्टी थ्री आणि रामराम.
म्हणून याचा गळा अरुंद.
बातम्या, गाणी त्यातून येतात ती
दाराच्या फटीतून वरात पाहावी तशी:
घोड्याचे पाय दिसतात, नवरदेव नाही.

रिटायर झाल्यापासून मी बोलत नाही.
माइक खिळ्याला टांगलाय.
ऐकतो.

आधी फिल्टर रुंद केला, सहा किलोहर्ट्झ.
आवाजाला छाती आली,
पण शेजारचं स्टेशनही शिट्टी वाजवत आत घुसलं.
मग प्रीअँप बंद.
हे कळायला मला अकरा वर्षं लागली
की दूरचं ऐकायचं तर कान ताणायचे नसतात,
थोडे पाडायचे.
आरएफ गेन उलटा फिरवत न्यायचा
खरखर खाली बसेपर्यंत.
इतवारीच्या भंगारातून आठ इंची स्पीकर आणला,
जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा, साठ रुपयांत.
कागद एका जागी फाटला होता, तिथे पतंगाचा कागद डकवला.

आणि शिट्टी वरच्या अंगाला असली
तर खालच्या अंगानं ऐकायचं.
दोन्हीकडे शब्द तेच असतात.
सेट एसएसबीवर टाकायचा,
डायल दहा-दहा हर्ट्झनं सरकवायची,
गुणगुण जाड होते, मंद होते,
थांबते.
त्या क्षणी माणसाचा आवाज माणसाचा होतो.
मग वाटेत मूळ लहर बुडाली
तरी सेट आपल्या पदरची लहर घालतो,
वाक्य मधेच मरत नाही.

एवढं करून एक टर्रर्र उरलीच.
रात्री अकरा ते एक, थांबून थांबून.
बॅटरीवर सेट चालवला, तरी तीच.
पाण्याच्या टाकीपासून कडुलिंबापर्यंत माझी तार,
आणि तारेच्या बरोबर खाली
हेडाऊबाईंची खिडकी.
शिलाई मशीनची मोटर. ब्रश ठिणग्या टाकत होते.

"माह्या मशीनचा आवाज तुमच्या रेडिओत येते?"
येतो म्हणालो.
"मंग कोणाचा ब्लाऊज शिवून राह्यली
तेबी सांगते का?"

बंद करा म्हणायची सोय नव्हती.
वैशाखातली लग्नं, सत्तावीस ब्लाऊज,
कूलरसमोर कापड उडतं म्हणून
बाई शेहेचाळीस डिग्रीत कूलर बंद ठेवून बसलेल्या.
मी फेराइटचं कडं नेलं,
मोटरच्या वायरचे त्यातून वेढे घेतले, सात.
"सातच काऊन?"
सातच बसले.
त्या हसल्या, तोंडातली टाचणी काढून.

त्या रात्री तळ गाठला.
खरखर म्हणजे फक्त आकाशाची,
लांब कुठेतरी वीज पडत असावी.
तिच्यावर एक बाई काहीतरी वाचत होती.
भाषा ओळखू येईना.
एकच्या पुढे हेडाऊबाई जिना चढून आल्या,
गळ्यात टेप तसाच.
"पाहू तं द्या, काय ऐकता ते."
ऐकलं. मग म्हणाल्या,
"बाई रडून राह्यली का?"
फेडिंग आहे, म्हणालो. सिग्नल खालीवर होतो.
"नाही जी. रडून राह्यली."
मी वाद घातला नाही.
फिल्टर थोडा अजून उघडला.
भाव सांगत असेल कापसाचे, की नावं वाचत असेल कोणाची,
स्टेशन बंद होईपर्यंत दोघंही उभेच राहिलो,
खुर्ची एकच होती.

आता एकतीस मीटर स्वच्छ असतो.
आधी मला कळायचं,
टर्रर्र थांबली की दोरा बदलतायत,
पुन्हा सुरू झाली की बाही लागतेय,
लांब थांबली की झोपल्या.
आता उठून गच्चीच्या कठड्यावरून
वाकून बघावं लागतं
खिडकीत दिवा आहे का.